थंड मुलुखातल्या वाइन नियम समित्यांना खुले पत्र: संकरित वाणांना दाराबाहेर ठेवू नका

प्रति,
थंड प्रदेशांतल्या द्राक्ष आणि वाइन उत्पादक संघटनांच्या नियम समित्या

स. न. वि. वि.

जिथे द्राक्ष पिकेल यावर एके काळी कुणी विश्वास ठेवला नसता, अशा कितीतरी ठिकाणी आता छोटे उत्पादक मळे लावून बसले आहेत. मळे लागले, बाटल्या विकू लागल्या, की पुढची पायरी ठरलेली असते. प्रदेशाच्या नावाचे मानचिन्ह हवे, त्यासाठी नियम हवेत आणि नियमांसाठी समिती हवी. ती समिती म्हणजे तुम्ही. बाटलीवर प्रदेशाचे नाव लावायचे तर द्राक्ष कोणते असावे, त्यात साखर किती असावी, बाहेरचा रस चालेल का, हे सगळे तुमच्या हातात आहे. अशाच एका थंड मुलुखात मी थोड्याशा वेली सांभाळते आणि थोडीशीच वाइन करते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे एकाच कलमाबद्दल आहे. नव्या प्रदेशांच्या मसुद्यात अनेकदा एक वाक्य सुरुवातीलाच येऊन बसते: द्राक्ष ‘व्हिटिस विनिफेरा’ या, म्हणजे युरोपच्या जुन्या वाइनवेलीच्या, प्रजातीचेच असावे. म्हणजे शार्दोने, पिनो न्वार, रीसलिंग चालेल. मार्केत, फ्रॉन्टेनॅक, सेव्हाल, लाकाडी ब्लां चालणार नाही, कारण त्यांच्या वंशात रानवेलींचा अंश आहे. हे वाक्य कृपा करून काढून टाका.

ते तिथे का येते, हे मला कळते. जुन्या, नावाजलेल्या प्रदेशांची नियमपुस्तके समोर ठेवून मसुदा केला की ते आपोआप उतरते. त्यामागची इच्छाही चांगलीच असते. कुणी ओळखत नाही अशा प्रदेशाला चार लोकांत मान मिळावा, आपल्या बाटलीकडे कुणी ‘हौशी लोकांची गंमत’ म्हणून पाहू नये, असे तुम्हाला वाटते. मलाही तेच वाटते. पण या वाक्याने मान मिळत नाही. त्याने फक्त एवढेच ठरते की पुढच्या कडक हिवाळ्यानंतर तुमच्या यादीत कोण उरेल.

ऐन हिवाळ्यात कडाक्याची रात्र होऊन गेली की छाटणीआधी मी वेगवेगळ्या ओळींतल्या काड्या कापून घरात आणते. त्या दिवस-दोन दिवस उबेत ठेवाव्या लागतात, कारण मेलेला डोळा, म्हणजे काडीवरची फुटव्याची कळी, लगेच रंग बदलत नाही. मग ब्लेडने एकेक डोळा आडवा कापायचा आणि भिंगाखाली धरायचा. एका डोळ्यात तीन अंकुर असतात. मधला मोठा, त्याच्यावर यंदाचे घड येणार. बाजूचा दुसरा त्याहून लहान. तिसरा नावापुरता. जिवंत अंकुर हिरवागार दिसतो, मेलेला तपकिरी, कधी अगदी काळपट. विनिफेराच्या काडीत मधला तपकिरी आणि बाजूचा हिरवा दिसला, तर वेल जगेल पण वर्षाचे पीक बुडाल्यात जमा, कारण तिच्या दुसऱ्या अंकुरावर फळ फारच थोडे धरते. सेव्हालसारख्या काही संकरित वाणांचा दुसरा अंकुरही घड देतो. किती डोळे मेले याचा हिशेब करून छाटणीत तेवढे जास्त डोळे राखायचे, म्हणजे तूट थोडी भरून निघते. पण दहातले नऊ तपकिरी निघाले तर राखणार काय?

विनिफेराचे बहुतेक वाण उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास डोळे गमवायला लागतात. रीसलिंग त्यातल्या त्यात काटक, पण तिलाही मर्यादा आहेच. उत्तर अमेरिकेतल्या नदीकाठची रानवेल, व्हिटिस रिपारिया, उणे ३५ आणि त्याखालची थंडीही सोसते. हा काटकपणा द्राक्षात आणण्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. विस्कॉन्सिनमधले एल्मर स्वेन्सन (१९१३–२००४) आपल्या शेतावर वर्षानुवर्षे संकर करत राहिले आणि वेलींची कलमे त्यांनी मोकळ्या हाताने वाटली. मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ मध्ये फ्रॉन्टेनॅक आणि २००६ मध्ये मार्केत हे वाण दिले. मार्केतच्या पूर्वजांत पिनो न्वार आहे, आणि उणे ३०च्या खालची रात्रही ती निभावून नेते.

थंडीचा मार डोळ्यांपुरताच असतो असेही नाही. खोड उकलते, उकललेल्या जागी गाठींचा रोग शिरतो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वेल संपते. विनिफेरा, मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीच्या भीतीने, दुसऱ्या प्रतिकारक वेलीच्या खुंटावर कलम केलेली असते. कलमाच्या वरचा भाग गोठून मेला की खालून जे फुटते ते खुंटाचे, वाइनच्या दृष्टीने बिनकामाचे. म्हणून शरद संपता संपता कलमाच्या जोडावर मातीची भर घालायची आणि वसंतात ती पुन्हा काढायची. चीनमधल्या निंग्शियात तर अख्ख्या वेली दर हिवाळ्यात मातीखाली निजवतात. मजूर आणि यंत्रे परवडणाऱ्याला ते जमते. बरेच संकरित वाण स्वतःच्या मुळांवर वाढतात. जमिनीपर्यंत मेली तरी बुंध्यातून तीच वेल पुन्हा उभी राहते. घरच्या दोन-चार माणसांवर मळा चालवणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. यात कुणाची आवडनिवड नसते. त्या मळ्यात पुढच्या वर्षीही द्राक्ष असेल की नाही, एवढा साधा प्रश्न असतो.

आता हवामान तापते आहे, तेव्हा ही चिंता कालबाह्य होईल, असे उत्तर मला अनेकांनी दिले आहे. गेल्या काही वर्षांत घडले ते नेमके उलट दिशेचे आहे. हिवाळा एकूण सौम्य झाला की वेल पुरती कडक होत नाही, किंवा मधल्या उबदार आठवड्यांत सैलावते. त्यावर अचानक ध्रुवीय थंडी कोसळली, की जी थंडी एरवी तिने सोसली असती तीच तिचा घात करते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियात २०२३चा जानेवारी सौम्य गेला, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका रात्रीत पारा उणे २०च्या खाली उतरला. विनिफेराचे मळे होरपळले, संकरित वाणांनी त्यामानाने तग धरला. कॅनडाच्याच पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबियातल्या ओकानागन खोऱ्यात, जिथे लागवड बहुतांशी विनिफेराची आहे, जानेवारी २०२४च्या थंडीने त्या वर्षीचे जवळजवळ सगळे पीक गेले.

त्यानंतर तिथे काय करावे लागले, ते तुमच्या मसुद्याशेजारी ठेवून वाचा. वायनरी जगाव्यात म्हणून बाहेरून द्राक्षे आणि रस आणून वाइन करण्याची तात्पुरती मुभा सरकारला द्यावी लागली. त्या उत्पादकांना मी दोष देत नाही. कामगारांचे पगार, बँकांचे हप्ते थांबत नाहीत. पण मसुद्यात दोन वाक्ये सहसा शेजारी-शेजारी असतात: द्राक्ष विनिफेराच हवे, आणि द्राक्ष इथलेच हवे. पुरेशा थंड प्रदेशात ही दोन्ही वाक्ये कायम एकत्र नांदू शकत नाहीत. एखाद्या हिवाळ्यात त्यांतले एक मोडावे लागते, आणि मोडते ते दुसरे, कारण मेलेल्या वेलीला द्राक्ष कुठून येणार? प्रजातीचे नाव राखण्यासाठी प्रदेशाचे नाव सोडायचे, असा हा सौदा आहे. मानचिन्ह प्रदेशाचे असेल तर आधी राखायचे ते ‘इथले’.

संकरित वाणांवरचा डाग आला कुठून, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेराने फ्रान्सचे मळे पोखरले तेव्हा अमेरिकन वेलींशी संकर करून वाण तयार करणारे फ्रेंचच होते. सायबेल, बाको, सेव्ह-व्हिलार ही त्यांची नावे आजही वाणांच्या रूपाने जिवंत आहेत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये संकरित वाणांखाली सुमारे ४ लाख हेक्टर जमीन होती, म्हणजे एकूण द्राक्षक्षेत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्याआधी १९३४च्या अखेरीस नोआ, ओथेलो, इझाबेल, जॅके, क्लिंटन आणि एरबमों या सहा वाणांवर बंदी आली होती. बाजारात वाइनचा महापूर होता आणि उत्पादन आवरायचे होते, हे त्यामागचे मोठे कारण. या वाइनने माणूस वेडा होतो, असा बागुलबुवाही उभा केला गेला. गरज संपल्यावर आलेला हा निकाल होता आणि तो एका विशिष्ट देशाच्या विशिष्ट अडचणीतून आला होता. उणे २५च्या हिवाळ्यात मळा लावणाऱ्याने तो आपल्या घटनेत का उतरवून घ्यावा?

युरोपनेही आता हात सैल केला आहे. डिसेंबर २०२१च्या नियमाने संरक्षित मूळस्थानाच्या, म्हणजे प्रदेशाचे नाव कायद्याने राखलेल्या, वाइनलाही विनिफेरा आणि इतर प्रजातींच्या संकरातून आलेले वाण वापरायला वाट मोकळी झाली. त्यानंतर फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रदेशाने वोल्टिस हा रोगप्रतिकारक वाण चाचणीसाठी घेतला. मळ्याच्या जास्तीत जास्त ५ टक्के क्षेत्रावर आणि मिश्रणात १० टक्क्यांपर्यंत, अशा मर्यादेत का होईना. डेन्मार्क, स्वीडन, पोलंड इथल्या छोट्या मळ्यांचा मोठा आधार असलेली सोलारिस १९७५ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला तयार झाली. तिच्या वंशावळीत आमूर खोऱ्यातली आशियाई रानवेल आहे. जर्मनीत मात्र तिची नोंद विनिफेरा म्हणूनच होते. म्हणजे एक रानवेलीचा अंश कागदावर विनिफेरात जमा आणि दुसरा अपात्र. कलमाची रेघ इतकी हलती असेल तर तिच्यावर कुणाची रोजीरोटी टांगू नये.

चवीचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. संकरित वाइनला रानटी, गोडसर, अत्तरासारखा वास येतो, असे म्हणतात. तो वास येतो व्हिटिस लाब्रुस्का या प्रजातीतून, कॉनकॉर्ड द्राक्षात तो ठसठशीत असतो. रिपारियाच्या वंशातल्या मार्केतमध्ये तो शोधूनही सापडत नाही. सगळ्या संकरित वाणांना एकाच वासाने ओळखणारा परीक्षक बहुधा बाटलीवरचे नाव वाचून बोलत असतो. खऱ्या खोडी वेगळ्याच आहेत आणि त्या आम्हाला रोज भोगाव्या लागतात. पहिली खोड आम्लता. फ्रॉन्टेनॅकमध्ये साखर भरपूर भरते, तरी आम्ल इतके उरते की पहिला घोट दात आंबवतो. दुसरी, लाल वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारे द्रव्य, कमी. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधनातून दिसले की या द्राक्षांतली प्रथिने टॅनिनला बांधून खाली बसवतात. म्हणून बाहेरून टॅनिन ओतूनही पोत येतोच असे नाही. तिसरी, रिपारियाची लेकरे वसंतात लवकर फुटतात आणि उशिराच्या, गोठवणाऱ्या दहिवरात सापडतात. हिवाळ्याला पुरून उरलेली वेल मे महिन्यातल्या एका पहाटेने झोपवलेली मी पाहिली आहे.

पण प्रत्येक खोडीवर काम चालू आहे, आणि ते काम छोट्या मळ्यांतच चालू आहे. घडांभोवतीची पाने वेळेवर काढली, ऊन मण्यांपर्यंत पोचू दिले, की मॅलिक आम्ल उतरते. तोडणी साखरेवर न ठरवता चवीवर ठरवायची. मणी तोंडात फोडायचा, साल दाढेखाली चावायची, बी थुंकून तिचा रंग बघायचा. हिरवी असेल तर थांबायचे. उरलेले आम्ल मॅलोलॅक्टिक किण्वनाने, म्हणजे जिवाणूंकडून मॅलिकचे सौम्य लॅक्टिक आम्ल करवून, मऊ करता येते. लालऐवजी गुलाबी वाइन केली तर टॅनिनचा प्रश्नच उरत नाही. आणि फसफसणाऱ्या वाइनला तर जास्त आम्ल आणि बेताचे अल्कोहोल हेच हवे असते. उष्ण प्रदेशातले लोक त्यासाठी द्राक्ष कच्चे तोडतात. आम्हाला ते पिकलेल्या फळातच मिळते.

शिवाय फवारणी. थंड प्रदेश म्हटला की बहुधा दमटपणाही येतोच, आणि दमटपणाबरोबर केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग. विनिफेराला हंगामभर सतत औषध लागते. प्रतिकारक वाणांना त्याच्या एका लहानशा हिश्श्यावर भागते. पूर्ण बिनफवारणीचे म्हणणार नाही, पण मळ्यात वावरणाऱ्या माणसाला आणि त्याच्या विहिरीला हा फरक जाणवतो.

दर्जाचा पुरावा हवा असेल तर तो जुना आहे. १९९१ साली खुद्द बोर्दोमध्ये, विनएक्स्पो या वाइन प्रदर्शनात, कॅनडातल्या इनिस्किलिन वायनरीच्या १९८९च्या आइसवाइनने (वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनने) सर्वोच्च सन्मान मिळवला. ती व्हिडालची होती. व्हिडाल हा फ्रान्समध्येच तयार झालेला संकरित वाण.

नियम कसे करावेत याचा धडा मला दोन ठिकाणी दिसतो. पहिले नोव्हा स्कोशिया. फंडीच्या उपसागराकाठच्या या प्रदेशाने २०१२ मध्ये ‘टायडल बे’ नावाची वाइन बाजारात आणली. ती एका वायनरीची वाइन नाही, प्रदेशाची शैली आहे. मुख्य वाण म्हणून त्यांनी निवडले लाकाडी ब्लां, सेव्हाल, व्हिडाल आणि गाइझनहाइम ३१८. सगळे संकरित. लाकाडी ब्लांचा संकर १९५३ मध्ये ऑन्टारियोतल्या व्हाइनलँड केंद्रात झाला, पण तिला घर मिळाले ते इथे. नियम काय, तर द्राक्ष शंभर टक्के तिथलेच, अल्कोहोल ११ टक्क्यांच्या वर नको, आणि चाखणाऱ्यांच्या स्वतंत्र मंडळाने पसंत केल्याशिवाय बाटलीवर नाव लागणार नाही. अल्कोहोलची वरची मर्यादा घालायला धैर्य लागते. उन्हाळा आखूड आहे, फळात आम्ल राहणार, वाइन हलकी आणि तरतरीत असणार, हे त्यांनी आधी मान्य केले आणि तेच नियमात लिहिले. याउलट फक्त साखरेवर प्रतवारी केली, जशी जर्मनीने १९७१च्या कायद्यात केली, तर संकरित वाणांचे नुकसानच होईल. त्यांच्यात साखर लवकर भरते. आकडा गाठला म्हणून तोडणी झाली की आम्ल तसेच बाटलीत जाते, आणि मग लोक म्हणतात, बघा, संकरित वाइन अशीच असते.

दुसरे ठिकाण जपानच्या होक्काइदोतले इकेदा गाव. १९५२चा भूकंप आणि थंडीने बुडालेली पिके यांनी गावाची तिजोरी रिकामी केली होती. डोंगरात रानद्राक्षे आपोआप पिकतात, तर द्राक्ष इथे येईलच, या विचाराने गावाने लागवड सुरू केली आणि १९६३ मध्ये नगरपालिकेनेच वाइन करायला घेतली. सायबेलच्या एका वाणातून त्यांनी ‘कियोमी’ निवडली. ती चांगली होती, पण तिला दर हिवाळ्यात माती ओढावी लागे. मग कियोमीचा संकर तिथल्या रानवेलीशी केला. अशा खूप रोपांतून ‘यामासाची’ हाती लागली. तिला माती ओढावी लागत नाही. २००६ मध्ये तिची वाण म्हणून नोंद झाली आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेच्या यादीत तिचे नाव आले. गडद रंगाची, करकरीत आम्लाची, दुसऱ्या कुठल्याच वाइनसारखी न लागणारी ही वाइन आहे. विनिफेराचे कलम त्या गावाच्या पहिल्या पानावर असते तर ती जन्मालाच आली नसती.

तेव्हा मागणी करते ती अशी. वाणांची यादी मूळ नियमात कोरू नका, परिशिष्टात ठेवा आणि ठरावीक वर्षांनी ती मळ्यातल्या नोंदींवरून तपासा. कडक हिवाळ्यानंतर किती डोळे जगले, किती फवारण्या लागल्या, किती वर्षे फळ नीट पिकले, या नोंदी प्रत्येक उत्पादकाकडे असतात. मागितल्या तर आम्ही देऊ. जो वाण त्या कसोटीला उतरेल तो घ्या, मग तो पिनो न्वार असो की मार्केत. ज्यांच्या उतारावर, पाण्याजवळच्या उबेत रीसलिंग खरोखर पिकते, त्यांनी ती आनंदाने लावावी. त्यांच्या वाइनची मी चाहती आहे. चाखणाऱ्या मंडळापुढे नमुने वाणाचे नाव झाकून ठेवा, पण मंडळावर असे लोक नेमा ज्यांना जास्त आम्लाची चांगली वाइन आणि जास्त आम्लाची बिघडलेली वाइन यांतला फरक कळतो. पात्रतेला फक्त साखरेचा आकडा लावू नका. आणि बाटलीवर वाणाचे नाव सक्तीचे करा. ‘आमचे खास मिश्रण’ अशा आडपडद्यामागे संकरित द्राक्ष दडवण्याची सवय आम्हा उत्पादकांनाच लागली आहे. नाव दडवले की गिऱ्हाइकाला वाटते, यात दडवण्यासारखे काही आहे.

‘इथलेच द्राक्ष’ या अटीत मात्र तसूभर सूट देऊ नका. वाईट वर्षी आम्ही थोड्याच बाटल्या भरू, एखाद्या वर्षी प्रदेशाच्या नावाची एकही बाटली निघणार नाही. ते आम्हाला चालेल. त्या वर्षी बाहेरच्या रसाची वाइन करायची वेळ आली तर तिच्यावर तसे ठळक लिहावे आणि प्रदेशाचे मानचिन्ह लावू नये.

मसुद्यावर मत मागवण्याची मुदत संपण्याआधी तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तरी छाटणीच्या दिवसांत एखाद्या छोट्या मळ्यात यावे, अशी विनंती आहे. काड्या आम्ही कापून ठेवू. डोळे तुम्ही स्वतः कापून पाहा, दोन्ही प्रकारच्या वेलींचे, आणि मग त्या वाक्यावर मत द्या.

कळावे,

आपली,
थंड मुलुखातली एक छोटी द्राक्ष उत्पादक